सावकाशची गाडी, ताईची खुर्ची

सावकाश,

फोनवर सांगितलं की तू "बघू" म्हणतोस, समोर बसवून सांगितलं की चपला शोधायला लागतोस, म्हणून लिहिते आहे. चोवीस वर्षं तू लोकांकडे पाठ करून त्यांचं बोलणं ऐकलंस. पाठीमागे बोललेलं तुला शब्दन् शब्द ऐकू येतं, तोंडावर बोललेलं येत नाही. तेव्हा आता नेहमीसारखा पुढे बघून बस. मी मागच्या सीटवरून तुझ्याबद्दल बोलते, जणू तू दुसराच कुणी आहेस. मध्येच आरसा हलवू नकोस.

त्याला सावकाश हे नाव कुणी ठेवलं हे आता कुणालाच आठवत नाही, पण का ठेवलं ते सगळ्यांना माहीत आहे. जेवताना, जिना उतरताना, कुणी त्याच्याशी भांडत असतानासुद्धा तो समोरच्याला "सावकाश" एवढंच म्हणतो. काही माणसं त्याने शांत होतात. त्याची थोरली बहीण, जिला तो ताई म्हणतो, ती त्यातली नव्हे.

काचेच्या बरण्या करणाऱ्या कारखान्याच्या मालकांकडे तो ड्रायव्हर होता. आधीची अकरा वर्षं साध्या गाड्यांवर काढली, नंतरची तेरा त्या काळ्या गाडीवर. लांबलचक, आठ सिलिंडरची, परदेशातून नवीकोरी आलेली. तिचं दार लावलं की आवाज होत नसे, नुसती बाहेरची दुनिया बंद होई. तो तिला रोज दोन फडक्यांनी पुसायचा, एक अंगाला आणि एक काचांना, आणि फडक्यांची अदलाबदल झाली तर दोन्ही पुन्हा धुवायचा. आरसा असा वळवून ठेवायचा की मागचा रस्ता दिसावा पण मालकांचा चेहरा दिसू नये. गाडीत त्याने कधी काही खाल्लं नाही. मागे माणूस बसलेला असताना कुरकुर करायची नाही, गाडीनेही नाही आणि ड्रायव्हरनेही नाही, हा त्याचा नियम. दुसरा नियम म्हणजे बसलेल्या माणसाला मध्येच उतरवायचं नाही.

ह्या पहिल्या नियमापायी त्याने एकदा एक काम केलं. मालकांबरोबर बँकेचे दोन अधिकारी होते आणि समोरच्या वेगाच्या नि इंधनाच्या काट्यांच्या मधल्या छोट्या पडद्यावर कसलीशी पिवळी खूण पेटून 'टिंग' व्हायला लागलं. मालक म्हणाले, "हे काय सारखं? बंद कर ते." त्याने गाडी शोरूमला नेली, त्यांनी खूण घालवली, आठवड्यात ती परत आली. तेव्हा त्याने इलेक्ट्रिशियनकडून टिंगची वायर काढून घेतली आणि खुणेच्या जागी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला, नखं कापायच्या कात्रीने मापात कापून, कडा इतक्या नीट बसवून की कुणाला शंका येऊ नये. मालकांना आली नाही. वर्षभराने त्याला स्वतःलाही ती पट्टी दिसेनाशी झाली.

घरच्या कुणालाही त्याने त्या गाडीत बसवलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. आणि बहिणीची गोष्ट तर सगळ्या नात्यात ठाऊक आहे.

त्यांच्या आईची एक वेताची खुर्ची बहिणीकडे आहे. तिची बैठक फाटली. वेताच्या खुर्च्या विणणारा एकच माणूस उरलाय, तोही गावाच्या दुसऱ्या टोकाला. एका उन्हाच्या दुपारी बहीण खुर्ची घेऊन बस थांब्यावर गेली. पहिल्या कंडक्टरने खुर्ची चढवू दिली नाही. दुसरा म्हणाला, "आजी, आमच्याकडे सीटा आहेत, घरून आणायची गरज नाही." बहीण तिसऱ्या बसची वाट बघत आपल्याच खुर्चीच्या कडेवर टेकून बसली, फाटलेल्या भागात पडणार नाही अशा बेताने. तेवढ्यात काळी गाडी आली. रिकामी. सावकाश एकटा, पांढऱ्या शर्टात, दोन्ही हात चाकावर. गाडी तिच्यासमोरून अशी गेली की तिला स्वतःचं प्रतिबिंब खुर्चीसकट गाडीच्या दारावर दिसलं. त्याने मान वळवली नाही.

संध्याकाळी तो तिच्या घरी आला, दारातच उभा राहिला.

"ताई, गाडी माझी नव्हती."

"मीही तुझी नव्हते का?"

"तसं नाही ग. सावकाश."

खुर्ची त्या दिवशी परत घरी आली. बहिणीने बैठकीवर फळी टाकली आणि त्यावर बसायला लागली.

तीन वर्षांनी मालकांनी कारखाना विकला आणि ते मुलाकडे परदेशी निघाले. निरोपाच्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर त्यांनी गाडीची किल्ली सावकाशच्या हातात ठेवली. "इतकी वर्षं तूच चालवलीस, तुझीच होती ती," म्हणाले. टाळ्या पडल्या. सावकाशने किल्ली दोन्ही हातांनी धरली. गाडी घेऊन तो सरळ बहिणीकडे आला. हॉर्न वाजवायचा नाही असा त्याचा स्वभाव, म्हणून खाली थांबून वाट बघत राहिला, तिला दिसेपर्यंत वीस मिनिटं गेली.

"आणि बाकी? चोवीस वर्षांचं बाकी काही देणं लागतात की नाही ते?" बहिणीने विचारलं.

"एवढी गाडी दिली. आणखी काय मागू?"

"मागू नको. नुसतं विचार. अरे, तेरा वर्षं जुनी गाडी आहे ती. त्यांना विकता आली नसती, फेकताही आली नसती, म्हणून तुझ्या गळ्यात बांधली."

त्याचे कान लाल झाले. तो चहा न घेता उठला. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. जिन्यात मात्र थांबून म्हणाला, "गाडीतनं पहिली खेप तुझ्या खुर्चीची. जरा दोन-चार किरकोळ कामं आहेत तिची, ती झाली की."

तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. मोठ्या चौकातल्या हॉटेलला पाहुण्यांची ने-आण करायला एक भारदस्त गाडी हवी होती, ड्रायव्हरसकट, महिन्याच्या कराराने. मॅनेजरने फोटो बघून सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत गाडी दाखवायला आणा, एक फेरी मारून बघू. साठाव्या वर्षी सावकाशला स्वतःच्या गाडीवर पोट भरता येणार होतं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बहिणीला दाखवून देता येणार होतं की मालकांनी दिली ती भेट होती, भंगार नव्हतं. त्यासाठी गाडी चालती राहायला हवी होती, बस.

त्याच्या दोन खोल्यांच्या घरासमोर ती गाडी लावली की शेजारच्यांची खिडकी उघडत नसे. एका सिग्नलवर गाडी मिनिटभर उभी राहिली आणि मागून असा निळा धूर निघाला की मागच्या स्कूटरवाल्याने पुढे येऊन काचेवर टकटक केलं. "काका, पेटलीये." पेटली नव्हती, तेल खात होती. इंजिनाच्या आत व्हॉल्व्हवर रबराच्या टोप्या असतात, त्या कडक होऊन फुटल्या होत्या. टोप्या बत्तीस. गल्लीमागच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीने आठ दिवस खपून त्या बदलल्या. सावकाशने पैसे दिले ते बायकोच्या गुडघ्यांच्या उपचारासाठी बाजूला ठेवलेले.

"अहो, मग मी गाडी बरी होईपर्यंत लंगडायचं थांबू का?" बायकोने विचारलं.

"एकदा हॉटेलचं झालं की..."

"हॉटेलचं झालं की, टोप्यांचं झालं की. तुमच्या ताईंची खुर्ची, माझे गुडघे, सगळे रांगेत. गाडी तेवढी नंबर न लावता पुढे."

धूर थांबला आणि पाणी सुरू झालं. म्हणजे पाणी नाहीसं व्हायला लागलं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट रोज सकाळी दोन लिटर कमी असायचं आणि जमिनीवर एक थेंब नाही. सावकाश रोज बरणीने मोजून भरायचा, कारखान्याचीच बरणी. डिकीत पाण्याचे चार कॅन कायमचे बसले. बहिणीने एका रविवारी खुर्ची खाली आणून ठेवली तर डिकीत जागाच नव्हती.

"मागच्या सीटवर ठेव," ती म्हणाली.

"चामडं आहे ताई. ओरखडे पडले तर हॉटेलवाले..."

"आण इकडे ती खुर्ची."

मग तो शोरूमला गेला. तिथे काचेच्या टेबलामागे टाय लावलेला एक सल्लागार होता. त्याने गाडी दीड दिवस ठेवून घेतली आणि निदान सांगितलं. इंजिनाच्या पोटात, दोन बाजूंच्या सिलिंडरांच्या मधून एक पाण्याचा पाईप जातो. त्याच्या पुढच्या टोकाला बांगडीएवढं रबराचं सील. ते गेलंय.

"रबर केवढ्याला येईल?" सावकाशने विचारलं.

"रबर किरकोळ आहे, काका."

"मग हा आकडा कसला?"

"रबरापर्यंत पोचायचा. पुढचं अर्धं इंजिन उतरवावं लागतं."

सावकाशने तो कागद चार घड्या करून खिशात घातला, सल्लागाराचे आभार मानले, आणि पार्किंगमधल्या पहारेकऱ्याने दार उघडून धरलं म्हणून त्याचेही मानले. कागद बहिणीने वाचला तेव्हा तिला चष्मा पुसावा लागला. एवढ्या पैशांत दुसरी गाडी आली असती. साधी, पण पाणी न पिणारी.

गल्लीमागचा मिस्त्री बोलका माणूस. तो कागद बघून हसला. "हे इंजिन ज्यांनी केलं ना, त्यांनी आधी पाईप ठेवला आणि मग त्याच्याभोवती इंजिन बांधलं. पण माझ्याकडे उपाय आहे. जुना पाईप आतल्या आत कापून काढायचा आणि दोन तुकड्यांचा नवा सरकवून फाकवायचा. पुढचं काही उघडायचं नाही. पाईप बाहेरून मागवावा लागेल, तीन आठवडे."

"तोपर्यंत चालवू का?"

"नकाच. आणि अगदी चालवलीत तर एक लक्षात ठेवा. ह्या गाडीला तापमानाचा काटाच दिलेला नाही. तापली तर मधल्या पडद्यावर लाल खूण येते. ती आली की जागच्या जागी बंद करायची. पुढचा कोपरासुद्धा गाठायचा नाही."

"बरं," सावकाश म्हणाला. आणि मनापासून म्हणाला. सुरुवातीला एक सांगायचं राहिलंय ते हे की तो खोटं कधीच बोलत नाही. राग येतो तो त्याचाच. खोटारडा असता तर त्याला पकडता तरी आलं असतं.

पाईप यायला दहा दिवस असताना हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. हॉटेलच्या मालकीणबाई उद्या परगावी चालल्यात, दुसरी एक गाडीही बघून झालीये, आज चारला या. सावकाशने पांढरा शर्ट घातला, कूलंट काठोकाठ भरलं आणि गेला. मॅनेजर मागे बसला. स्टेशनपर्यंत जाऊन यायचं ठरलं. जाताना गाडी तुपासारखी चालली. मॅनेजर म्हणालासुद्धा, "आवाजच येत नाही हो." सावकाशच्या पाठीला ते ऐकू आलं.

परतताना उड्डाणपुलाच्या चढावर गाड्या तुंबल्या होत्या. इंच इंच सरकताना सावकाशच्या नाकाला गोडसर वास आला. हा वास त्याला पाठ होता, रोज सकाळी बरणीतून येणारा. त्याने पडद्याकडे बघितलं. पडद्यावर लाल काही नव्हतं. मिस्त्रीने सांगितलेली खूण आली नव्हती, तेव्हा अजून वेळ होता. मागे माणूस बसलेला होता. त्याने एसी बंद केला, गाडी मधल्या लेनमध्ये घेतली आणि हॉटेलपर्यंत नेली. पोर्चमध्ये नेमकी पायरीला दार लागेल अशी थांबवली. उतरला, मागचं दार उघडलं. मॅनेजर उतरून दोन पावलं गेला आणि बॉनेटमधून वाफेचा असा लोट निघाला की पोर्चमधली एक कुंडी दिसेनाशी झाली.

गाडी दोरीने ओढत मिस्त्रीकडे आली.

तीन दिवसांनी बहीण गॅरेजमध्ये गेली. सावकाश एका उलट्या डब्यावर बसला होता. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा सगळा भाग, टेबलावर काढून ठेवलं होतं. मिस्त्रीने त्यावर पोलादी पट्टी उभी धरली.

"मॅडम, खाली वाका. पट्टीखालून उजेड दिसतो?"

"दिसतो."

"दिसायला नको. हेड वाकलंय. दुसऱ्या बाजूचंही तेच. ही आता माझ्या हातातली गोष्ट नाही, आणि खरं सांगू तर कुणाच्याच खिशातली नाही."

बहीण भावाकडे वळली. तीन दिवस साठवलेलं ती आता बोलणार होती, पण मिस्त्रीचं संपलं नव्हतं. त्याने किल्ली चालू ठेवून गाडीला एक यंत्र जोडलं होतं, जुन्या तक्रारी वाचायचं. "मला एक कळत नाही. कूलंट कमी असल्याची खूण हिने पहिल्यांदा दिली ती चार वर्षांपूर्वी. त्यानंतर कित्येक वेळा. परवा पुलावर तर तापल्याची लाल खूण पूर्ण अकरा मिनिटं चालू होती. काका, तुम्हाला दिसली कशी नाही?"

सावकाश उठला. गाडीत जाऊन आपल्या सीटवर बसला. काट्यांच्या मधे बघत राहिला. मग नखाने त्याने पट्टीची कड उचलली. ती निघता निघेना, चार वर्षांच्या उन्हाने काचेवर भाजून बसली होती. शेवटी निघाली आणि खाली लाल खूण होती, शांतपणे पेटलेली.

बहीण आणि मिस्त्री खिडकीतून आत वाकले.

"कुणी लावली ही?" बहिणीने विचारलं. विचारायची गरज नव्हती, कडा बघूनच कळत होतं.

"मी."

"आणि मिस्त्रींनी एवढं बजावून सांगितलं तेव्हा आठवलं नाही?"

"लावलीये हेच विसरलो होतो ग. मागे माणूस असला की तिने बोलायचं नाही, अशी सवय लावली होती तिला." तो पट्टी बोटावर गुंडाळत होता. मग त्याने मान वर केली. त्याचा चेहरा बघून बहिणीला वाटलं, ह्याला उन्हाचा त्रास झालाय. तो चेहरा मोकळा झाला होता. जवळजवळ खूश.

"म्हणजे ताई, साहेबांना माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"गाडी आजारी आहे ते. त्यांना कुठून कळणार? मीच दिसू दिलं नाही. त्यांनी चांगली समजूनच दिली मला." आणि हा माणूस, ज्याच्या गाडीचे दोन तुकडे त्याच्यासमोर टेबलावर पडले होते, तो बहिणीकडे बघून म्हणाला, "तू उगाच काहीतरी बोललीस तेव्हा."

बहीण त्या उलट्या डब्यावर बसली.

त्याने एवढ्यावर सोडलं असतं तर तो सावकाश कसला. त्याने मालकांना परदेशी फोन लावला, माफी मागायला. तुम्ही एवढी चांगली वस्तू दिलीत आणि माझ्या हातून अशी गत झाली, असं सांगायला. बहिणीने नंतर विचारलं, काय म्हणाले? तर म्हणे, "बरे आहेत. थंडी फार आहे तिकडे." खरं काय झालं ते त्याच्या बायकोने सांगितलं, फोन स्पीकरवर होता. मालक म्हणाले, "कोणती रे गाडी? काळी की राखाडी?" सावकाश म्हणाला, "काळी, साहेब." मालक म्हणाले, "हो का? मला वाटलं तुला राखाडी दिली."

राखाडी गाडी त्यांच्याकडे कधीच नव्हती. होती ती त्यांच्या भावाकडे. बहिणीने हे सगळं ऐकून घेतलं आणि सावकाशला त्यातलं काहीही बोलून दाखवलं नाही. एवढं तरी श्रेय तिला मिळायला हवं.

गाडी मिस्त्रीने सुट्या भागांसाठी घेतली. दारं चांगली गेली म्हणे, चामडंही. न्यायच्या आदल्या दिवशी सावकाशने ती दोन फडक्यांनी पुसली. बायको म्हणाली, "आता तरी बसू का?" आणि मागच्या सीटवर जाऊन बसली, गुडघे लांब करून, दहाएक मिनिटं. उतरल्यावर तिने सांगितलं की बसायला ऐसपैस आहे, पण वास येतो.

आठवड्याने हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. बहिणीला वाटलं कुंडीची भरपाई मागतात की काय. तर मॅनेजरचं म्हणणं असं, की जो माणूस इंजिन जळत असतानाही पाहुण्याला नेमका पायरीशी उतरवतो आणि आधी दार उघडतो, तसा माणूस त्यांना हवाय. गाडी हॉटेलची, नवी. सावकाशने लगेच हो म्हटलं. चार पांढरे शर्ट शिवून घेतले. तर आता तो पुन्हा दुसऱ्याची गाडी चालवतो, पांढरी, आणि बायको गुडघ्यांच्या डॉक्टरकडे जाते ती बसने.

महिन्यापूर्वी एका बुधवारी बहीण त्याच थांब्यावर उभी होती. खुर्ची बरोबर नव्हती, ती आता एवढं उचलत नाही. पांढरी गाडी समोरून गेली. रिकामी. ह्या वेळी त्याने मान किंचित वळवली, हे कबूल करायला हवं. बोटंही चाकावरून उचलली, दोन.

संध्याकाळी तो आला आणि दारातच उभा राहिला.

"ताई..."

"माहीत आहे. गाडी तुझी नाही."

"रविवारी टेम्पो सांगतो. एका मित्राचा आहे. खुर्ची घेऊन जाऊ आपण."

"ह्या रविवारी?"

"बघू," तो म्हणाला आणि चपला शोधायला लागला.

तो रविवार गेला, त्यानंतरचे तीनही गेले. खुर्ची खिडकीशी आहे, तिच्यावर फळी आहे, आणि फळीवर बसून हे लिहिलंय. विणणाऱ्याचं दुकान फक्त सोमवारी बंद असतं.